यंदाचा किल्लाही पोरांनाच बांधू द्या

आमच्या गल्लीतल्या पंच मंडळींना, युवक मंडळाच्या कार्यकर्त्यांना आणि घरात लहान मुलं असलेल्या सगळ्या आई-वडिलांना,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी देवळात बैठक झाली. गणपतीचा जमाखर्च वाचून झाला आणि उठता उठता मुलांचा विषय निघाला. दहा मिनिटांत दोन गोष्टी ठरल्या. दिवाळीतला किल्ला यंदा मुलांनी करायचा नाही, मंडळानं वर्गणीतून कारागीर बोलवून करून घ्यायचा. आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलांनी बरोबर मोठं माणूस असल्याशिवाय गल्लीच्या तोंडाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आम्ही बायका मागे बसलो होतो. मी बोलण्यासाठी हात वर केला, तोवर आरतीची घंटा वाजली. म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरात ते वाचलं जावं, एवढी इच्छा आहे.

किल्ल्याच्या ठरावाला कारण सांगितलं गेलं की, गेल्या वर्षी एका पोराचं बोट विटेखाली चेंगरलं. ते पोर माझं. त्या दिवशी काय झालं ते मी आमच्या माडीवरून स्वतः पाहिलं आहे, आणि बैठकीत ते कुणी विचारलं नाही, म्हणून आधी तेच सांगते.

नऊ मुलं होती. सगळ्यात मोठी मुलगी सातवीतली, सगळ्यात लहान माझा मुलगा, पहिलीतला. राजगड करायचा ठरला होता. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या. संजीवनी माची लांब की सुवेळा, यावरून पहिल्याच संध्याकाळी जुंपली. अर्धा तास भांडण झालं, मग दोघं जण कोपऱ्यावरच्या आजोबांकडे गेले. आजोबा तरुणपणी राजगड चढून आलेले. त्यांनी काठीनं मातीत आकृती काढून दिली आणि परत आपल्या कट्ट्यावर जाऊन बसले. माती शिवारातून आली, सायकलीच्या मागे पोतं बांधून. दगड कुणाच्या तरी अर्धवट बांधकामाचे, पण विचारून आणलेले. दुसऱ्या रात्री परतीचा पाऊस झाला आणि सकाळी बालेकिल्ला सपाट. पोरं नुसती उभी राहिली होती. माझा जीव राहीना. मी खाली जायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. "बस गं गप्प. त्यांचं त्यांना बघू दे."

मग त्या समोरच्या किराणा दुकानवाल्यांच्या मुलानं वडिलांकडून चार रिकामी गोणपाटं आणली. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. गोणपाट चिखलाच्या पातळ काल्यात बुडवायचं आणि दगडांच्या ढिगावर पांघरायचं, म्हणजे वरची माती धुपून जात नाही, ही युक्ती त्याचीच. "कल्ल तगोंड बा" म्हणून तो ओरडायचा आणि माझा मुलगा पळत दगड घेऊन जायचा. पहिलीतल्या पोराला "तगोंड बा" चा अर्थ कुणी फळ्यावर लिहून शिकवला नव्हता. संध्याकाळी माचीवर नाचणी पेरली, पाणी मारलं, आणि पेरल्यावर चौथ्या दिवशी जे हिरवं लव दिसलं, त्याला बघायला ही नऊच्या नऊ पोरं सकाळी सहाला, दात न घासता, अंगणात हजर होती.

बोट चेंगरलं ते तिसऱ्या दिवशी. दोघं मिळून वीट उचलत होते, एकानं आधी सोडली. सातवीतल्या मुलीनं त्याचं बोट नळाखाली धरलं, घरातून हळद आणली, फडकं गुंडाळलं आणि मग त्याला माझ्याकडे घेऊन आली. मी डॉक्टरांना दाखवलं. हाड शाबूत होतं, नख काळं पडलं होतं. दहा मिनिटं रडला आणि मग खाली जायचं म्हणून हट्ट धरून बसला. शिवरात्रीपर्यंत नवं नख आलं. तेव्हापासून तो कुठलीही जड वस्तू उचलताना समोरच्याला विचारतो, "सोडू?" मी त्याला हे शंभरदा सांगितलं असतं तरी त्याच्या डोक्यात शिरलं नसतं.

एका काळ्या नखासाठी गल्लीतल्या सगळ्या मुलांचा किल्ला काढून घेऊ नका. कारागिरानं केलेला किल्ला सुबक होईल, त्यावर लाईट लागतील, कदाचित स्पर्धेत बक्षीसही मिळेल. पोरं मात्र दोरीच्या अलीकडे हात मागे बांधून उभी राहतील, आणि आपणच त्यांना म्हणू, हात लावू नको.

आता दुसऱ्या ठरावाबद्दल. तो माझ्यावरूनच झाला, हे मला माहीत आहे. पावसाळ्याच्या आधी माझी मुलगी, वय वर्षं दहा, एकटी बसनं येळ्ळूरला माझ्या माहेरी गेली. तिला थांब्यावर उभी असलेली बघून कुणीतरी फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. "ही कुणाची पोरगी? आई-बाप कुठं आहेत?" असं खाली लिहिलं होतं. त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. एका मावशींनी मात्र तोंडावर विचारलं, "पोरीला एकटीला कशाला सोडूलीस गं?" समोर येऊन विचारलं याचं मला बरं वाटलं. त्यांना दिलेलं उत्तर सगळ्यांनाच देते.

मी तिला वाऱ्यावर सोडली नव्हती. त्याआधी चार वेळा आम्ही तोच प्रवास केला. पहिल्या दोन वेळा शेजारी बसून. तिसऱ्या वेळी मी तीन सीट मागे बसले आणि ओळख न दाखवण्याचं ठरलं. कंडक्टरशी तीच बोलली, उतरायचं कुठे ते तिनंच ठरवलं. चौथ्या वेळी मी तिच्या मागून स्कूटरवर गेले. मग पाचव्या वेळी एकटी. तिकडे थांब्यावर माझी आई उभी राहणार होती. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुली-बायकांना सरकारी बसला तिकीट पडत नाही, म्हणून सुट्ट्या पैशांची काळजी नव्हती, पण मी वीस रुपये आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद तिच्या कंपासपेटीत ठेवला होता.

बस सुटली आणि अर्ध्या तासानं आईचा फोन. "बस येऊन गेली गं, पोर न्हाई उतरली." माझ्या पायातलं बळ गेलं. स्कूटरची चावी हातात घेतली, दारापर्यंत गेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, देवापाशी जाऊन बसल्या. नेमका किती वेळ गेला ते नंतर फोनवर बघितलं, अठरा मिनिटं. मग परत आईचा फोन, पोचली म्हणून. ती एक थांबा आधीच उतरली होती. गर्दीत बाहेरचं दिसलं नाही, कुणीतरी उठलं म्हणून ही पण उठली. उतरल्यावर चूक कळली, तेव्हा रताळ्याच्या शेतात काम करणाऱ्या एका आजींना तिनं विचारलं आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालत गेली.

संध्याकाळी परत आली तर तिच्या तळहातावर बॉलपेननं तीन कन्नड अक्षरं लिहिलेली होती, येळ्ळूर. शेजारच्या ताईकडून लिहून घेतलेली. शाळेत तिला कन्नड विषय आहे, पुस्तकातला धडा ती वाचते. पण धूळ खात येणाऱ्या बसच्या कपाळावरची पाटी दोन सेकंदांत वाचायची असते, हे तिला त्या दिवशी उमगलं. पुढचा आठवडाभर ती सीबीटीकडे, म्हणजे शहरातल्या मुख्य बस स्टँडकडे, जाणाऱ्या प्रत्येक बसची पाटी मोठ्यानं वाचत होती.

आपण सीमाभागात राहतो, म्हणून हे मला जास्तच महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुलाला घरात मराठी, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी लागते. ही भाषा व्हॅनच्या खिडकीतून दिसत नाही. नारळाचा भाव विचारताना, उरलेले पैसे मोजून घेताना, "एल्लिगे?" म्हणजे "कुठं जायचं?" याला उत्तर देताना ती तोंडात बसते. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण चौथी-सातवीपर्यंतच शिकले, पण दोन्ही भाषांत सौदा करायचे, भांडायचे आणि समेटही करायचे. कारण लहानपणी त्यांना दुकानात धाडलं जायचं. आज आपण मुलांना दारातून व्हॅनमध्ये आणि व्हॅनमधून दारात घालतो, मग दहावीनंतर म्हणतो, पोरगं चार माणसांत बोलत नाही. आणि हीच मुलं एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाली की पीयूसीला (अकरावी-बारावीला) नाहीतर डिप्लोमाला कोल्हापूर, धारवाड, पुणे गाठतात. सोळाव्या वर्षी परक्या गावात एकटं राहायचं आहे, हे जर ठरलेलंच असेल, तर दहाव्या वर्षी आज्जीच्या गावापर्यंत जाऊ द्यायला काय हरकत आहे?

भीती मलाही वाटते. मी येळ्ळूरला पाचवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा विहिरीत बुडून गेला. त्याला पोहता येत नव्हतं. त्याची बाकावरची जागा वर्षभर कुणी घेतली नाही, हे अजून आठवलं की घशात दाटून येतं. त्यानंतर गावात बहुतेक घरांत विहिरीकडे फिरकायचं नाही असा दंडक झाला. माझ्या वडिलांनी उलट केलं. त्याच उन्हाळ्यात माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला, कमरेला दोर बांधला आणि मला विहिरीत उतरवलं. दोर त्यांच्या हातात. पहिल्या आठवड्यात तो ताठ असायचा, मग सैल होत गेला. एके दिवशी डबा सुटला तरी त्यांनी मला सांगितलंच नाही आणि मी पलीकडच्या पायरीला जाऊन टेकले. मुलीला पोहायला शिकवतो म्हणून लोक बोलले. वडील ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत दोर घेऊन निघायचे. पोहायला न शिकवता ज्यांना विहिरीपासून दूर ठेवलं, त्यांच्यातली काही मुलं पुढे चोरून गेलीच. शिकवायचं, मग दोर सोडायचा. माझं म्हणणं इतकंच आहे.

बैठकीत मुलं पळवणाऱ्या टोळीचा उल्लेख झाला. असे मेसेज मलाही येतात. या अफवांनी काय होतं ते आपल्याच राज्यात घडून गेलं आहे. जुलै २०१८ मध्ये बीदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या काही तरुणांनी वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटं दिली. टोळी आली म्हणून मेसेज फिरला, मुरकी गावाजवळ जमावानं त्यांना गाठलं आणि एका तरुण इंजिनिअरचा जीव घेतला. मुलांना खाऊ दिला, एवढाच त्याचा गुन्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाळलेल्या भीतीला कुणाचा तरी बळी लागतो.

आणि जी भीती खरी आहे, तिच्याबद्दल आपण बोलतच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत, पोलिसांत नोंदलेल्या दहातल्या नऊहून जास्त प्रकरणांत माणूस ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा. म्हणजे "मोठं माणूस बरोबर पाहिजे" हा नियम मुलाला वाचवेलच असं नाही, कधी कधी ते मोठं माणूसच धोक्याचं असतं. मुलाला नाही म्हणता आलं पाहिजे, ओरडता आलं पाहिजे, घरी येऊन सांगता आलं पाहिजे, आणि सांगितल्यावर आपण विश्वास ठेवला पाहिजे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर माझ्या दोघांना पाठ आहे. ज्या मुलाला स्वतःच्या मनानं काहीच करू दिलेलं नाही, मोठ्यांचं सगळं ऐकायचं एवढंच शिकवलं आहे, ते मोठ्या माणसाला नाही कसं म्हणेल?

राहता राहिली गाड्यांची भीती. ती मला पूर्ण मान्य आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दुचाकी ज्या वेगानं आत वळतात, त्यानं मोठ्यांच्याही काळजाचा ठोका चुकतो. पण धोका गाडीचा आणि कोंडायचं पोरांना, हा कुठला न्याय? इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या शंभरातली ८० मुलं आपली आपण शाळेत जात होती. १९९० साली ती ९ वर आली. तेवढ्या काळात मुलांचे रस्त्यावरचे अपघाती मृत्यू कमी झाले, तेव्हा सरकारनं रस्ते सुरक्षित झाले म्हणून सांगितलं. ज्यांनी ही मोजणी केली त्यांचं म्हणणं वेगळं होतं: रस्ते होते तसेच आहेत, मुलंच रस्त्यावरून नाहीशी झाली. आपल्यालाही ते तसंच करायचं आहे का? जपानमध्ये पहिलीतली मुलं पिवळ्या टोप्या घालून, वरच्या वर्गातल्या मुलांच्या मागोमाग रांगेनं चालत शाळेत जातात आणि चौकाचौकांत शेजारपाजारची मोठी माणसं उभी असतात. मुलांच्या हाताला धरायला कुणी नसतं, लक्ष मात्र सगळ्यांचं असतं. आपल्याकडे हे नवीन नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे काका, मामा तुम्हीच आहात. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा कोण कुणाच्या घरी गेलं, कोण किती वाजता परतलं, हे कट्ट्याला माहीत असायचं. तेव्हा त्याचा जाच वाटायचा, आज त्याचं मोल कळतं. तुमचं लक्ष आहे, या भरवशावरच मी माझी पोरं खाली सोडते.

म्हणून पंच मंडळींना विनंती की, वर्गणीचा पैसा कारागिरावर घालण्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकासाठी महानगरपालिकेकडे अर्ज करा, मी सह्या गोळा करते. देवळाजवळच्या गटारीवरची फरशी दोन वर्षं फुटलेली आहे. आणि भटक्या कुत्र्यांचं काय करायचं ते एकदा नीट ठरवा. हे तिन्ही झालं तर मुलांना बाहेर सोडताना निम्मी काळजी मिटेल.

मुलींच्या आयांना वेगळं सांगते. नियम सगळ्या मुलांसाठी असला तरी तो पाळायला लागणार मुलींना. पोरगे भिंतीवरून उड्या मारून जातील आणि आपण "वांड आहे मेला" म्हणून कौतुक करू. मुलगी बाराची झाली की हा नियम संपेल, आणि तेव्हा तिला थांबवायला आपल्याकडे दुसरी कारणं तयार असतील. म्हणजे तिच्या वाट्याला एकटीनं बाहेर पडायचं वय येणारच नाही.

घरातली गोष्टही त्याच माळेतली आहे. मुलानं पाणी सांडू नये म्हणून आपण ग्लास भरून देतो, उशीर होतो म्हणून बुटाच्या नाड्या बांधतो, मार्क कमी पडतील म्हणून प्रोजेक्ट आपणच कापून चिकटवतो. इटलीच्या मॅडम मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं, तेव्हा मुलांच्या उंचीची टेबलं-खुर्च्या आणि हाताला येतील अशी कपाटं ठेवली होती. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी तीच पद्धत आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेली, तीही महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपले हाताशी घेऊन. मी काही मोठं केलं नाही. पाण्याचा माठ ओट्यावरून खाली पाटावर ठेवला आणि खुंट्या चार फुटांवर ठोकून घेतल्या. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरात पाणीच पाणी होतं. आता मुलगा स्वतः पाणी घेतो, फडक्यानं पुसतो आणि पाहुणे आले की तांब्याही तोच भरतो.

माझी पद्धतच बरोबर, असा माझा दावा नाही. कुणाचं मूल नाजूक असतं, कुणाला आजार असतो, कुणाच्या घरी बघायला दुसरं कुणी नसतं. ज्या आईला आपलं मूल अजून एकटं सोडावंसं वाटत नाही, तिनं सोडू नये, तिला कुणी बोलू नये. पण हे प्रत्येक घरानं आपापल्या मुलाकडे बघून ठरवायचं असतं. गल्लीनं ठराव करून आमच्या मुलांना घरात बसवू नये. आणि कुठलं मूल एकटं दिसलं, तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी त्याला एकदा विचारावं, "कुठं चाललास बाळ?"

पुढच्या रविवारी परत बैठक आहे असं कळलं. हे दोन्ही ठराव त्या दिवशी पुन्हा मांडावेत, अशी मागणी करते. या वेळी आम्हा बायकांना आरतीच्या आधी बोलू द्यावं. आणि जमलं तर त्या नऊ पोरांनाही बोलवा, किल्ला त्यांचा आहे. यंदा सिंधुदुर्ग करायचा म्हणताहेत. चारी बाजूंनी पाणी साठवायचं कसं, यावर आमच्या जिन्यात रोज भांडण चालू आहे. देवळामागची जागा तेवढी वसुबारसेच्या आधी मोकळी ठेवा, मांडवाचे वासे तिथून हलवून घ्या. माझ्या मुलानं नाचणी आत्ताच निवडून बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली आहे.

आपली नम्र,
गल्लीतली एक सून, दोन मुलांची आई
शहापूर, बेळगाव